घंटेचा मान

त्या कारखान्यात झाकणं बनत. बरण्यांची, बाटल्यांची, डब्यांची, सगळ्या मापांची पत्र्याची झाकणं. दिवसभर दोन लाइन खडाखडा चालत आणि संध्याकाळी खोकी भरून ट्रक निघत. पण कारखान्यात मान मिळायचा तो काही झाकणं काढण्यासाठी नव्हे. मान होता घंटेचा. कँटीनच्या दाराशी एक पितळी घंटा टांगलेली होती आणि रिवाज असा, की बंद पडलेलं मशीन जो कुणी चालू करेल त्याने जाऊन ती वाजवायची. घंटा झाली की सगळे हातातलं काम टाकून टाळ्या वाजवत, ऑफिसातली माणसं काचेपाशी येऊन बघत, आणि त्या दिवशी वाजवणाऱ्याला चहासाठी रांगेत उभं राहावं लागत नसे.

ही घंटा जवळजवळ एकाच माणसाची झाली होती. तो पहिल्या लाइनचा फोरमन. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण शेवटचे श्वास मोजणारं मशीन तो उठवून बसवी. बाह्या सरसावून तो मशीनच्या पोटात शिरला की बघायला गर्दी जमे, आणि बाहेर आला की कपाळावर ग्रीसचा एक फराटा असे. तो फराटा घरी पोचेपर्यंत पुसायचा नाही, हा त्याचा नेम. पहिली लाइन इतकी वरचेवर आजारी का पडते, हे मात्र कुणी विचारत नसे. तेलपाणी, झाडपूस ही कामं डॉक्टरला कमीपणाची वाटत. निरोगी माणसाच्या उशाशी कुठला डॉक्टर बसून राहतो, असं तो म्हणे, आणि ऐकणाऱ्यांना ते पटे.

दुसऱ्या लाइनचा फोरमन हा डॉक्टरचा साडू. डॉक्टरची बायको थोरली, याची धाकटी. दोन्ही बहिणी एकाच इमारतीत खाली-वर राहत. या साडूचं नाव कारखान्यात छत्री पडलं होतं, कारण आभाळ कितीही लख्ख असलं तरी त्याच्या काखेत छत्री असायचीच. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने घंटेला एकदाही हात लावला नव्हता. त्याची लाइन बंदच पडत नसे, त्याला तो तरी काय करणार? नव्या माणसांना दुसऱ्या लाइनला फोरमन आहे हेच मुळी उशिरा कळे.

बरं, असा माणूस सोबतीला गोड असतो असंही नाही. छत्रीबरोबर सहलीला जायचं म्हणजे शिक्षा. पोचल्याबरोबर सगळे देखावा बघत, हा परतीची गाडी कुठून सुटते ते बघून येई. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी उठताना गॅसचं बटण चाचपून बघे. धाकटी म्हणायची, यांच्याशी भांडण करण्यातही मजा नाही, मी काय बोलणार ते यांना आधीच ठाऊक असतं. डॉक्टर त्याची यथेच्छ टिंगल करी आणि तो ऐकून घेई. हेही त्याने आधीच धरलेलं असे.

तर अशा या कारखान्यात नवे मॅनेजरसाहेब आले. त्यांनी पहिल्याच सभेत पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की तहान लागल्यावर विहीर खणायचे दिवस संपले. यापुढे आग विझवणाऱ्याचं कौतुक नाही, आग लागू न देणाऱ्याचं. आपल्याला प्रोॲक्टिव्ह संस्कृती उभी करायची आहे. प्रत्येकाने पुढची अडचण आधीच ओळखायची, हिरव्या कार्डावर लिहायची, कार्ड फळ्यावर लावायचं आणि अडचण टळली की घंटा वाजवायची. शेवटी त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. दुरुस्ती विभागाचे जुने प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर दोन फोरमनांपैकी एक बसेल, जो जास्त प्रोॲक्टिव्ह ठरेल तो. प्रमुखाच्या हाताखाली वेगळा फोरमन ठेवणं यापुढे परवडणार नाही, तेव्हा दुसऱ्याची बदली परगावच्या गोदामावर होईल.

त्या खुर्चीवर डॉक्टरचा कधीपासून डोळा होता. काचेची केबिन, फिरती खुर्ची, दारावर पाटी. थोरलीने तर नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं. गोदाम मात्र डॉक्टरला मुळीच नको होतं. तिथे खोकी मोजायची आणि पावत्या फाडायच्या. खोकं काही बंद पडत नाही आणि त्याला उठवून बसवता येत नाही.

पहिले काही दिवस घंटेला उसंत नव्हती. आचाऱ्याने दूध उतू जाण्याआधी गॅस बंद केला आणि घंटा वाजवली. ऑफिसातल्या एकाने पेनातली शाई संपण्याआधी दुसरं पेन आणलं, त्यानेही वाजवली. कार्डांचा कोटा ठरला तशा अडचणी कमी पडू लागल्या. मग लोक आधी अडचण करून ठेवत आणि मग ती टाळत. जिन्यावर केळ्याचं साल टाकणारा आणि ते उचलून घंटा वाजवणारा एकच निघाला, तरी टाळ्या झाल्याच. फळा हिरवागार दिसू लागला आणि साहेबांचा चेहरा खुलला.

छत्रीच्या नावाखाली एकही कार्ड नव्हतं. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, अडचण दिसली की मी काढून टाकतो, मग कार्ड कशाबद्दल लिहू? साहेबांनी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. बदल सगळ्यांनाच झेपत नाही, असं ते नंतर कुणाला तरी म्हणाले.

डॉक्टरचीही पंचाईत झाली होती. मशीन पडल्यावर काय करायचं ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. पडण्याआधी त्याच्याकडे बघायचं कसं, हे काही उमगेना. पण खुर्ची तर हवी. मग त्याने ठरवलं, किरकोळ कार्डं लावण्यात अर्थ नाही, घाव मोठा घालायचा. त्याने कार्डावर ठळक अक्षरात लिहिलं, की पहिल्या लाइनच्या मोठ्या प्रेसचं मुख्य बेअरिंग लवकरच जाणार, ते आधीच उघडून बदलावं. साहेबांनी ते कार्ड फळ्याच्या मधोमध लावलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी छत्री पहिल्या लाइनकडे आला. खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्याने टोक चालत्या प्रेसच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. मग डॉक्टरला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ठणठणीत आहे. उघडू नका."

डॉक्टरला ते आवडलं नाही. स्पर्धेतला माणूस दुसरं काय सांगणार, असं त्याने मनाशी म्हटलं. खरं तर आपला साडू खोटं बोलत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण कार्ड फळ्यावर लागलेलं होतं, आणि लागलेलं कार्ड मागे घेतल्याबद्दल कुणी घंटा वाजवू देत नाही.

प्रेस उघडली. आतलं बेअरिंग आरशासारखं चकचकीत निघालं. डॉक्टरने ते कुणाला दिसण्याआधी फडक्यात गुंडाळलं आणि नवं बसवलं. पण निरोगी मशीन उघडायची सवय नव्हती म्हणा, की मनातलं पाप हातात उतरलं म्हणा, शाफ्ट केसभर तिरका बसला. दुसऱ्या दिवशी प्रेसने असा काही आवाज काढला की ऑफिसातले लोक उठून उभे राहिले. प्रेस बंद पडली आणि पडूनच राहिली.

आता मात्र डॉक्टर आपल्या पाण्यात उतरला. बाह्या सरसावल्या, गर्दी जमली, डबा मशीनपाशीच आला. बऱ्याच झटापटीनंतर प्रेस धडधडली तेव्हा कपाळावर फराटा होता आणि डोळ्यांत पाणी. साहेबांनी स्वतः त्याला घंटेपाशी नेलं. प्रेस जाणार असं या माणसाने आधीच सांगितलं होतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि गेली की नाही? याला म्हणतात दूरदृष्टी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं; इथे कावळ्याने बरोबर करवत आणली होती, एवढंच. हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागे छत्री काखेत धरून उभा होता.

खुर्ची डॉक्टरला मिळाली. छत्रीला महिनाअखेरीस गोदामावर हजर व्हायचा हुकूम मिळाला.

पाटीची बातमी घेऊन डॉक्टर घरी आला तेव्हा थोरली वरच्या मजल्यावरून नुकतीच खाली आली होती. तिचे डोळे सुजलेले होते. "तुम्हाला खुर्ची मिळाली," ती म्हणाली, "आणि माझी बहीण गेली." एवढंच बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा वेळेवर भरलेला असे, पण तिने तो हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याला टाळ्या आवडत, आणि टाळ्यांच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही. आता काचेच्या केबिनमध्ये टाळ्या पोचत नव्हत्या आणि बाकीचं सगळं ऐकू येऊ लागलं. त्याला लाज वाटत होती.

शेवटी तो साहेबांकडे गेला. छत्रीला पाठवू नका, असं त्याने सांगितलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, की दुसऱ्या लाइनवर आजवर कोणती मोठी अडचण आली? डॉक्टर म्हणाला, एकही नाही. मग तिथला फोरमन करतो तरी काय, असं साहेबांनी विचारलं. याचं उत्तर डॉक्टरपाशी होतं. पण ते नीट द्यायचं तर फडक्यात गुंडाळलेल्या बेअरिंगपासून सुरुवात करावी लागली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी स्वतःची समजूत घालत तो परत आला, पण त्या मुठीने त्याला रात्री झोपू दिलं नाही.

सकाळपर्यंत त्याला उपाय सुचला होता, आणि तो त्याच्या स्वभावाला धरूनच होता. या कारखान्यात माणूस दिसायचा तर मशीन बंद पडायला हवं. मग पडू दे. दुपारच्या सुट्टीत लाइन थांबते आणि सगळे कँटीनमध्ये असतात. तेव्हा पाना घेऊन तो दुसऱ्या लाइनवर गेला. मोटरच्या पट्ट्याचे बोल्ट थोडे सैल करायचे, सुट्टीनंतर लाइन बंद पडेल, छत्री ती चालू करेल आणि आयुष्यात एकदा घंटा वाजवेल.

मोटरच्या शेजारी उलट्या खोक्यावर छत्री डबा उघडून बसला होता.

"या," तो म्हणाला. "पाना खिशातच राहू द्या."

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही रात्रभर कूस बदलत होतात, असं ताई हिला सांगत होती. आणि सकाळी तुम्ही मला विचारलंत, मी जेवायला कधी जातो. आजवर कधी विचारलं होतं?"

डॉक्टर त्याच्यासमोर जमिनीवरच बसला. त्याने काकुळतीला येऊन सगळं सांगितलं. अर्धा तास बंद राहू दे, तू चालू कर, साहेबांनी एकदा तुला बघितलं की बदली थांबेल.

छत्रीने घास गिळला. "पट्टा सुटला की पत्रा आत अडकतो," तो म्हणाला. "साचा जातो. मला नाही बघवणार ते."

"अरे, नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या. साचा गेला तर जाऊ दे की."

"नाही हो." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "मला राग आला नाही असं समजू नका. बेअरिंगचं मी सांगितलं होतं तुम्हाला. ताई मध्ये नसती तर साहेबांनाही सांगितलं असतं."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, लाइन सुरू झाली. छत्रीने डबा बंद केला, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला आणि मशीनवर कुठे टेकवायचा ते दाखवलं. डॉक्टरने मूठ कानाला लावली. एक सलग गुणगुण येत होती.

"काहीच वेगळं नाही ऐकू येत," तो म्हणाला.

"येऊच नये. रोज ऐका. येईल तेव्हा कळेल."

महिनाअखेरीस छत्री, धाकटी आणि त्यांचं सामान एका टेम्पोतून गेलं. सामान कुणाचंही असतं तसंच होतं, फक्त प्रत्येक पिशवीवर आत काय आहे ते लिहिलेलं होतं. स्क्रूड्रायव्हर डॉक्टरपाशीच राहिला.

आता दुसरी लाइन कोलमडणार, असं डॉक्टरला वाटत होतं. ती ढिम्म चालत राहिली. छत्रीने तिला इतकं जपलं होतं, की तो गेल्यावरही ती त्याच्या पुण्याईवर पळत होती. साहेबांना हा आपल्या निर्णयाचा पुरावा वाटला. सुंठीवाचून खोकला गेला, असं ते म्हणत आणि पाहुण्यांना फोरमनशिवाय चालणारी लाइन म्हणून ती मुद्दाम दाखवत. डॉक्टर मात्र रोज दुपारी तिथे जाऊन कान लावी. आधी अपराधी वाटायचं म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढे पुढे त्याला ती गुणगुण आवडूच लागली. त्याने तेलाचा डबाही हातात घेतला. प्रमुख झाल्यावर माणूस असा खाली का येतो, याचं लोकांना नवल वाटे.

आणि एका सकाळी त्या गुणगुणीत खडा लागला. अगदी बारीक, भातात लागावा तेवढा. डॉक्टरने पुन्हा पुन्हा कान लावून पाहिलं. खडा होता.

तो तडक साहेबांकडे गेला. दोन तास लाइन थांबवून बेअरिंग बदलू द्या म्हणाला. साहेब टाय सारखा करत होते. मुख्य ऑफिसमधून बडे पाहुणे थोड्याच वेळात येणार होते, इथली प्रोॲक्टिव्ह संस्कृती पाहायला.

"लाइन चालू आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"मग आज चालू द्या. पडली बंद की बघू. आणि तुम्ही असताना मला कसली काळजी?"

हे शेवटचं वाक्य ऐकायला डॉक्टरने अर्धं आयुष्य घालवलं होतं. आज ते त्याला नको होतं. तो खाली उतरला. बड्या पाहुण्यांना घेऊन साहेब दुसऱ्या लाइनपाशी पोचले तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने लाल बटण दाबलं. लाइन थांबली. साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याखालचा चेहरा तेवढा बदलला. डॉक्टरने वर पाहिलं नाही. जुनं बेअरिंग काढलं, आतली एक गोळी झिजून खडबडीत झाली होती तिच्यावरून बोट फिरवून खात्री केली, नवं बसवलं आणि शाफ्ट सरळ आहे ना ते दोनदा बघितलं. लाइन सुरू झाली. सवयीने सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले आणि तो कधी घंटेकडे जातो याची वाट बघू लागले. तो घंटेवरून पुढे गेला आणि नळावर हात धुतले, कपाळही.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बेअरिंग बदललं नसतं तर काय झालं असतं, असं विचारलं. डॉक्टर म्हणाला, लाइन बंद पडली असती, साचा गेला असता, चार दिवस काम थांबलं असतं.

"पण पडली नाही ना?"

"नाही. कारण..."

"मग झालं काय?"

"काहीच नाही झालं."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले.

चालू लाइन पाहुण्यांसमोर बंद पाडल्याबद्दल डॉक्टरची खुर्ची गेली. तिथे त्याच्याच हाताखाली तयार झालेला एक फिटर बसला; बंद पडलेलं मशीन चालू करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही म्हणतात. डॉक्टरची बदली परगावच्या गोदामावर झाली. घरी कसं सांगावं या विचारात तो दारात आला. थोरलीने सगळं ऐकून घेतलं. आणि सकाळी डबा तिने हातात दिला.

गोदामावर पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं आणि फाटकाशी छत्री काखेत घेऊन छत्री उभा होता. धाकटीने थोरलीच्या हातातली पिशवी घेतली. आमच्या इथल्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, मालकाला तो दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून कधीच सांगून ठेवलंय, असं ती चालता चालता म्हणाली. छत्रीने डॉक्टरला आत नेलं. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये एक टेबल होतं आणि टेबलाला दोन खुर्च्या. एक वापरलेली, दुसरी कोरी.

"ही कुणाची?" डॉक्टरने विचारलं.

"तुमची. आलो त्याच आठवड्यात मागवली," छत्री म्हणाला. "तुम्ही जरा उशीरच केलात."

डॉक्टरने कोऱ्या खुर्चीकडे पाहिलं. फरशी तिथे खचलेली होती, पण तो बसला तेव्हा खुर्ची डुगडुगली नाही. त्याने वाकून बघितलं. एका पायाखाली दुसऱ्या लाइनवरचं एक झाकण सरकवलेलं होतं.